स्वस्त गिटार आणि महाग गिटार

वाद्यांच्या दुकानात दोन इलेक्ट्रिक गिटारी शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. आकार एक, रंग एक, तारा सहाच. परंतु एकीची किंमत दुसरीच्या आठ-दहा पट. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून वाद्य घ्यावयास आलेला तरुण या दोहोंपुढे उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो. हा जादा पैसा नेमका कशाचा? लाकडाचा, कारागिरीचा, की केवळ माथ्यावरील नावाचा? प्रश्न व्यवहाराचा आहे खरा; पण त्याचे उत्तर चुकले तर पैसाच वाया जातो असे नाही, पुष्कळदा शिकणाऱ्याचा उत्साहही जातो.

या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी वाद्याच्या जन्मकथेकडे वळले पाहिजे. साध्या गिटारीचा नाद तिच्या पोकळ पेटीत घुमतो. इलेक्ट्रिक गिटारीत चुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरारली की त्या वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याचा नाद करतो. अर्थात धड भरीव असले तरी चालते. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर हे 1938 पासून रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. 1950 साली त्यांनी भरीव धडाची गिटार विक्रीस आणली आणि 1954 साली प्रसिद्ध ‘स्ट्रॅटोकास्टर’. गिटारीची मान धडाला सरसाने न चिकटविता त्यांनी ती चार स्क्रूंनी बसविली. जुळणी झटपट व्हावी, आणि मान बिघडलीच तर ती काढून दुसरी बसविता यावी, हा त्यातील हेतू. आज जी गिटार अभिजात मानली जाते, तिची घडण मुळात कारखान्याच्या सोयीची होती, हे विसरता कामा नये.

मिशिगन राज्यातील कॅलामाझू येथील गिब्सन कंपनीने 1952 साली ‘लेस पॉल’ गिटार आणली, तिची परंपरा निराळी. महॉगनीचे धड, त्यावर कोरून उठाव दिलेला मेपलचा थर, आणि सरसाने सांधलेली मान. काम देखणे आणि कष्टाचे. परंतु तिचा माथा सुमारे 17 अंशांनी मागे कललेला असतो. त्या वळणावर लाकडाचे रेषे आखूड पडतात, आणि मानेतील सळई पिळण्यासाठी तेथेच खाच कोरलेली असते. गिटार उभ्याने मागे पडली की नेमकी तेथे मोडते. फेंडरचा माथा मानेच्या पातळीस समांतर असल्यामुळे हा धोका पुष्कळच कमी. तात्पर्य, महाग ते मजबूत, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

नावाची कथाही बोधप्रद आहे. 1965 साली फेंडर कंपनी सी.बी.एस. या प्रसारण कंपनीने विकत घेतली. पुढे सत्तरीच्या दशकात कामाचा दर्जा घसरल्याची तक्रार वादकांत सर्वत्र होती. त्याच सुमारास जपानमधील कारखाने तशाच घाटाच्या गिटारी कमी किमतीत आणि अधिक काळजीने करू लागले. अखेर 1982 साली फेंडरने जपानमध्येच ‘स्क्वायर’ नावाने स्वस्त गिटारी काढल्या. त्या पहिल्या स्वस्त गिटारी आज संग्राहक आवर्जून शोधतात. नाव मूळचे असले तरी हात बदलले की वस्तू बदलते. आणि दुय्यम नावाखालीही हात चांगले असले की वस्तू चांगली उतरते.

आज इंडोनेशियात वा चीनमध्ये होणाऱ्या स्वस्त गिटारीचे लाकूडही संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे कापतात. त्यामुळे मान आणि धड यांचा सांधा बहुधा नीटच बसतो. फरक पडतो तो यंत्राचे काम संपल्यानंतर. पडदे एका पातळीत आणणे, त्यांची टोके कानशीने गोलवणे, माथ्याजवळच्या पट्टीतील खाचा योग्य खोलीच्या करणे, ही कामे हाताची आणि वेळेची. महाग गिटारीत हा वेळ दिलेला असतो; शिवाय खुंट्या, घोडी आणि बटणे अधिक टिकाऊ असतात. स्वस्त गिटारीत काटकसर होते ती येथेच.

या काटकसरीची झळ नवशिक्याला लागते. खाचा उथळ राहिल्या की तारा उंच राहतात, बोटे सोलवटतात, आणि दाबलेली तार चढ्या स्वरात बोलते. आपलेच बोट जड, आपलाच कान कच्चा, अशी त्या बिचाऱ्याची समजूत होते आणि वाद्य कोपऱ्यात जाते. जवारी न लागलेल्या तंबोऱ्यावर गायकाने स्वतःला दोष द्यावा, तसाच हा प्रकार. वस्तुतः जाणत्या कारागिराने काही तास बसून पडदे घासले, खाचा खोल केल्या, मानेतील सळई पिळून तिचा बाक साधला, तर तीच गिटार सुरेल होते. यास लागणारा खर्च दोन गिटारींच्या किमतींतील अंतराच्या मानाने अल्प असतो.

वापराने येणाऱ्या अवस्थेविषयीही गैरसमज आहेत. स्वस्त गिटारीवरील जाड, कठीण रोगण वर्षानुवर्षे चकाकत राहते. कित्येक महाग गिटारींवरील पातळ नायट्रोसेल्युलोज रोगण पिवळते, तडकते, रबराच्या स्पर्शानेही डागाळते. दिल्ली-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून पडद्यांची टोके बाहेर डोकावतात, आणि मुंबईच्या दमट हवेत तारांना गंज चढतो. ऋतूला किमतीचा भेद ठाऊक नाही.

म्हणून घेणाऱ्याने माथ्यावरील अक्षरे शेवटी वाचावीत. आधी मानेच्या कडेवरून तळहात फिरवावा. पडद्याचे टोक बोचते का ते पाहावे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून कोठे खरखर होते ते ऐकावे. तारा ताणून सोडल्यावर स्वर टिकतो का, बटण फिरविताना कर्कश आवाज येतो का, हे तपासावे. एवढे करून स्वस्त गिटार उतरली, तर ती संकोच न बाळगता घरी न्यावी. उरलेल्या पैशांतून काही कारागिराला द्यावा, काही शिक्षकाला. महाग गिटार घेण्याची वेळ पुढे येईलच. आणि तेव्हा आपण कशाचे मोल देत आहोत, हे तिच्या धन्याच्या बोटांना ठाऊक झालेले असेल.