प्रगतिपुस्तक घरात कोण वाचतं?

(जबलपूरमधल्या मराठी भाषक पदवीधर मुलामुलींसमोर केलेलं भाषण, थोडं नीट करून)



मला बोलावताना सांगितलं होतं, तुझ्या पीएचडीबद्दल बोल. पण मी एका कागदाबद्दल बोलणार आहे. तो तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी घरी नेलाय आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी आईवडिलांना स्वतःच वाचून दाखवलाय. प्रगतिपुस्तक.

महाराष्ट्रात 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा मी सातवीत होते. तोवर शंभरपैकी किती, एवढंच बाबा विचारायचे. त्या वर्षी आकड्यांच्या जागी श्रेणी आल्या. गणितात मला क-2 होती. बाबांनी विचारलं, 'क-2 म्हणजे काय?' मी म्हटलं, 'दुसरा नंबर.' बाबांनी सही केली आणि दहा रुपये दिले. क-2 म्हणजे 41 ते 50 टक्के, हे त्यांना कळलं तोवर मी एम.ए. झाले होते.

त्याच कागदावर 'सुधारणा आवश्यक' असा रकाना होता. त्यात लिहिलं होतं : उच्चार अशुद्ध. आमच्या घरी सगळेच 'आनि', 'पानी' म्हणतात. ती ओळ मी वाचलीच नाही. बाबांना वाटलं असतं की ती त्यांच्याबद्दल आहे. एका अर्थी होतीच.

हा कागद शाळा पालकांना उद्देशून लिहिते, आणि आपल्या घरांत तो वाचून दाखवतं ते मूलच, ज्याच्याबद्दल तो लिहिलेला असतो. मूल सोयीचं तेवढं वाचतं. चूक त्याची नाही.

आता तुम्ही पदवीधर आहात. मोहल्ल्यातली, नात्यातली मुलं कागद घेऊन तुमच्याकडे येणार. म्हणून त्याची रचना थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात वर्षाची दोन सत्रं. प्रत्येक सत्रात आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्गातलं निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय वगैरे, आणि शेवटी संकलित, म्हणजे लेखी-तोंडी परीक्षा. 2010 च्या त्या पद्धतीत पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा 70 टक्के होता, तिसरी-चौथीला 60, पाचवी-सहावीला 50, सातवी-आठवीला 40. इतका मोठा भाग शिक्षकांच्या नजरेवर. नजर म्हटली की जात आलीच, हे तुम्हाला मी सांगायला नको. 'नीटनेटकेपणा' कुणाच्या नावापुढे येतो आणि 'अबोल' कुणाच्या, ते एकदा वर्गभराची प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी ठेवून बघा. तरीही तीन तासांच्या एका पेपरपेक्षा मला हीच पद्धत बरी वाटते. एक पेपर फक्त त्या दिवशी कोण हजर होतं ते मोजतो.

इथून कुंडमकडे येते. दिंडोरीच्या रस्त्यावर लागतं, तुम्हाला माहीत आहे. तिथल्या गोंड कुटुंबांत दीड वर्ष माझं येणंजाणं आहे. इथे सत्र म्हणत नाहीत. त्रैमासिक, अर्धवार्षिक, वार्षिक. 2023 पासून सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांतल्या पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर होते. निकालात वार्षिक लेखीचे 60, अर्धवार्षिकचे 20 आणि प्रोजेक्टचे 20 धरले जातात.

एका घरी आठवीतल्या मुलाच्या आईने मला अंकसूची दाखवली. म्हणाली, 'लड़का कच्चा है, मॅडम. फेल हो गया. अब काम पर लगाएँगे.' मी बघितलं. त्रैमासिकला बरे गुण होते. अर्धवार्षिकच्या रकान्यात तीन विषयांपुढे 'अनु.' मी डायरीत लिहिलं, 'दुसऱ्या टप्प्यात घसरण.' समाजशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीने हे लिहिलं. 'अनु.' म्हणजे अनुपस्थित. मुलगा घसरला नव्हता, तो त्या दिवशी शाळेतच नव्हता.

कुठे होता? पाटणकडे, मटार तोडायला. जबलपूरचा मटार देशभर जातो. तोडणी नोव्हेंबरपासून जोरात असते आणि कुंडम, दिंडोरी, मंडल्याकडची अख्खी कुटुंबं तिकडे जातात. अर्धवार्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. म्हणजे शंभरातले वीस गुण शेतातच राहिले. महाराष्ट्रात ऊसतोडीचं हेच आहे. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, दुसरं सत्र जवळजवळ सगळं फडावर जातं. तिथे निदान हंगामी वसतिगृहं तरी सुरू झाली. परीक्षेचे टप्पे ठरवताना कुणाच्या घरचं वर्ष धरलंय, हा माझ्या प्रबंधातला प्रश्न आहे. त्या आईला मात्र प्रबंधाचा काही उपयोग नव्हता.

उपयोग झाला शेवटच्या ओळीचा. तिथे फेल लिहिलंच नव्हतं. पुनः परीक्षा लिहिलं होतं. शिक्षण हक्क कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. तिने राज्यांना पाचवी-आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा दिली, पण त्याआधी निकालापासून दोन महिन्यांत दुसरी संधी द्यावी लागते. हे त्या घरी कुणी सांगितलं नव्हतं. शाळेचं नाव मी घेत नाही. एका शाळेपुरती ही गोष्ट नाहीच.

म्हणून कागद हातात आला की श्रेणीकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी उपस्थिती बघा, महिन्यांनुसार असेल तर उत्तम. मग दोन्ही टप्पे शेजारी ठेवा. गुण पडले त्या महिन्यात घर कुठे होतं, ते आईला विचारा, मुलाला नको. मूल लाजेने खोटं बोलतं, मीही बोलले होते. शेरे मोठ्याने, सगळे वाचा. जो शेरा खटकेल तो शाळेत जाऊन विचारा. आकारिक गुण कशावरून दिले, हेही विचारा. आणि शेवटची ओळ दोनदा वाचा.

बाबासाहेब 1907 मध्ये मॅट्रिक झाले ते 750 पैकी 282 गुण घेऊन. 37.6 टक्के. आजच्या श्रेणीच्या तक्त्यात ते 'ड' मध्ये बसतात, 33 ते 40. त्या 282 साठी सत्काराची सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. सभेला आलेल्यांना आकडा कळत नव्हता असं नाही. तो कुठल्या घरातून आलाय हेही त्यांना कळत होतं.

कुंडमचा तो मुलगा पुनः परीक्षेला बसला. तीन विषयांपैकी दोन सुटले, गणित राहिलं. नवी अंकसूची त्याच्या आईने मला स्वतः उलगडून दाखवली. 'अनु.' कुठे लिहिलेलं असतं ते तिला आता माहीत आहे. तिने त्या जागी बोट ठेवलं आणि विचारलं, 'इस साल मटर में किसको घर छोड़ें?' तिची सासू आजारी आहे, धाकटी मुलगी दुसरीत आहे. मला उत्तर देता आलं नाही. नोव्हेंबरला अजून तीन महिने आहेत. तुमच्यापैकी कुणाला सुट्टीत कुंडमला येता आलं तर आत्ता थांबून नंबर द्या.