बिनविरोध

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याला बोलावलेल्या पाहुण्याने तालीमचे महत्त्व सांगावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो आज मी मोडणार आहे. पहाटे उठून पाणी भरून, डबे करून मुलांना शाळेत धाडणाऱ्या आईला आणि रात्रपाळी संपवून इथे येऊन बसलेल्या बापाला तालीमचे महत्त्व मी काय सांगावे? मला बोलायचे आहे ते एका खुर्चीविषयी. शाळेच्या समितीत पालकासाठी ठेवलेली, आणि बहुधा कोणाच्या तरी नावावर आधीच ठरून गेलेली ती खुर्ची.

ही खुर्ची आपल्यापर्यंत यायला फार वर्षे लागली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. पुढे १९१८ च्या पटेल कायद्याने नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला, तर पुण्यात वाद उभा राहिला : पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलांपुरती सक्ती करावी, मुलींचे नंतर पाहू. १९२० साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखे लोक याविरुद्ध उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांच्यासह पुण्यातल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. मुलीच्या शाळेसाठी आईला मोर्चा काढावा लागला, ही गोष्ट आपल्यापासून वीस किलोमीटरच्या आतली आहे.

आपली पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० सालची, महापालिका १९८२ सालची. शाळांचा कारभार बरीच वर्षे शिक्षण मंडळ पाहत असे. त्या मंडळावर जाण्यासाठी चुरस होत नसे असे नाही. भरपूर होत असे. पण मते द्यायचे ते नगरसेवक. ज्याचे पोर त्या शाळेच्या बाकावर बसते, त्याच्या हातात चिठ्ठी नव्हती. २०१३ साली कायदा बदलला, मंडळे रद्द झाली आणि चालू मुदती संपल्यावर कारभार महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे गेला. चाकणकडे तर जिल्हा शाळा मंडळ १९६२ सालीच संपले होते. तेव्हापासून तिथल्या गावच्या शाळा जिल्हा परिषदेच्या.

मग २०२२ साल आले. मार्च महिन्यात महापालिकेची मुदत संपली, जिल्हा परिषदेचीही संपली, आणि त्यानंतर बराच काळ दोन्हीकडे प्रशासक होते. नगरसेवक नाही, जिल्हा परिषद सदस्य नाही. त्या काळात सरकारी शाळेबाबत लोकांनी निवडलेले असे कोण उरले होते? फक्त शाळा व्यवस्थापन समितीतले पालक! ज्या समितीला आपण चहा-बिस्किटांची समिती म्हणतो, तीच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या राज्यात तिचा अध्यक्ष पालकांतूनच होतो आणि मुख्याध्यापक सचिवाचे काम पाहतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा करणे, आलेले अनुदान कसे खर्च झाले ते पाहणे, हे तिचे काम. कागदावर अधिकार थोडे नाहीत.

पण निवड कशी होते? आपण सगळे जाणतो. सभेची चिठ्ठी आदल्या दिवशी मुलाच्या दप्तरातून येते. सभेला पंधरा-वीस माणसे. एक जण नावे वाचतो, दुसरा 'मंजूर, मंजूर' म्हणतो आणि टाळ्या वाजतात. निवड बिनविरोध झाली म्हणून सगळ्यांना बरे वाटते. मला बिनविरोध या शब्दाची फार भीती वाटते. गावकी असो, मशिदीची कमिटी असो की पतपेढी, आपल्याकडे कोणी समोर उभा राहिला की त्याने भांडण काढले असे मानतात. त्यामुळे चांगली माणसे हात वर करीत नाहीत आणि मग कारभार वाईट म्हणून घरी बसून बोलतात.

समजा, कासारवाडीची एक आई आहे. वर्कशॉपमध्ये कंत्राटावर पॅकिंग करते, शिक्षण सातवीपर्यंत. दोन मुली महापालिकेच्या उर्दू शाळेत आहेत. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, म्हणून थोरली दिवसभर पाणी पीत नाही. तिने समितीवर उभे राहायचे ठरवले. समोर वस्तीतले वडीलधारे गृहस्थ, धाकटा मुलगा अजून त्याच शाळेत, चार मुदती केलेले. माणूस वाईट नाही; दाखल्याला, दवाखान्याला धावून जाणारा आहे. तिने काय करावे? सभेच्या आधी त्यांच्या घरी जावे आणि सांगावे, ''चाचा, या खेपेला मी उभी राहतेय. तुम्ही रागावू नका.'' सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन आया बरोबर घ्याव्यात. आणि सभेत एकच प्रश्न विचारावा : गेल्या दोन वर्षांत अनुदान किती आले आणि कशावर खर्च झाले? ती हरेल, असेच मी धरून चालतो. पण हिशेब सगळ्यांसमोर वाचला गेला असेल, आणि निवडून आलेल्या चाचांना पुढच्या महिन्यात कडी बसवावीच लागेल. समोर कोणी उभेच नसते, तर तो कागद कपाटातून कशाला निघाला असता?

आणि ती हरेलच असेही नाही. १८७० साली लंडनमध्ये पहिले स्कूल बोर्ड निवडले गेले. स्त्रियांना पार्लमेंटसाठी मत नव्हते, पण या बोर्डावर उभे राहता येत होते. एलिझाबेथ गॅरेट ही डॉक्टरीण मॅरिलेबोन विभागातून उभी राहिली. तिला उभी राहा म्हणून सांगायला कोण आले होते? तिच्या दवाखान्यात येणाऱ्या गरीब बायकांचे मजूर नवरे. समोर हक्स्लेसारखा नामांकित शास्त्रज्ञ होता. तो निवडून आला, पण दुसऱ्या क्रमांकाने. गॅरेटबाईंना सत्तेचाळीस हजारांवर मते पडली. साऱ्या लंडनात इतकी कोणालाच पडली नाहीत. जाता जाता सांगतो, ती स्कूल बोर्डेही १९०२ च्या कायद्यानंतर गेली. सरकारे बदलतात तशी मंडळे येतात आणि जातात.

आता आपल्या भागातली एक साधी अडचण. भोसरीच्या आणि चाकणच्या अनेक लहान कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पालक सभा शनिवारी सकाळी ठेवली तर कामगार पालक येणार कुठून? एक दिवसाचा खाडा करून कोणी शाळेत येत नाही आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

शेवटी विश्वस्तांशी थोडे स्पष्ट बोलतो. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती केवळ सल्लागार ठरली आणि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेरच गेल्या. त्या निकालावर फेरविचार व्हावा, असे २०२५ साली न्यायालयाच्याच एका खंडपीठाला वाटले. त्याचे काय होईल ते होईल. म्हणजे आपल्या शाळेत पालकांना निवडून घेण्याची सक्ती आज आपल्यावर नाही. हक्क आपल्याला संविधानाने दिला आहे आणि तो मोलाचा आहे. पण तो संस्थेला कौमसाठी मिळाला आहे, आणि कौम आज या मांडवात सतरंजीवर बसली आहे.

म्हणून माझी विनंती आहे : पुढच्या पालक सभेत आपल्या शाळेची समिती हात वर करून निवडावी. उभे राहणाऱ्यांची नावे आठ दिवस आधी फलकावर लावावीत, त्यांत निम्मी नावे आयांची असावीत. आणि सभा गुरुवारी ठेवावी.