गाडामालकांनो, पुढच्या हंगामाचं बघा



७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. कागदावर हा साडेसात वर्षांचा हिशेब. पण गोठ्यात जाऊन बघा. २०१४ साली आदत असलेला खिल्लार खोंड २०२१ ला उतरणीला लागला होता. बैलाचं पळायचं वय तारखेसाठी थांबत नाही.

मग भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, इथल्या गाडामालकानं पुढं काय करावं? तयार बैलापायी कर्ज काढू नये. घरच्या गाईचं चांगलं वासरू धरावं, दोन-तीन वर्षं निगुतीनं वाढवावं. आपल्याकडं पाऊस दांडगा. गोठा कोरडा ठेवा, खूर जपा. काठी-चाबूक कायद्यानंच बंद आहे, तेव्हा बैलाला हाकेवर पळायला शिकवा. शर्यतीआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नि पशुवैद्याची तपासणी चुकवू नका.

गुरुजी, या अटी यात्रेच्या पंचांना वाचून दाखवाल ना? एका गावानं त्या मोडल्या, तर बोल साऱ्यांना लागेल. गेलेले हंगाम गेले. पुढचे आपल्या हातात आहेत.