मादी पतंगाचे गुणसूत्र आणि जागा बदलणारे जनुकघटक

विदर्भातील राळेगाव परिसरात कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा सुगावा लागावा म्हणून लावलेल्या कामगंध सापळ्यांत फक्त नर पतंग सापडतात, कारण सापळ्यातील गोळीला मादीचा गंध असतो; अंडी घालणारी मादी मात्र बाहेरच राहते. बहुतेक पतंगांच्या जातींत या मादीजवळ नराकडे मुळीच नसलेले एक गुणसूत्र असते. माणसात एक्स व वाय ही असमान जोडी पुरुषाकडे असते, तर पतंगांत नराकडे दोन झेड आणि मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू असतो.

या डब्ल्यूवर उपयोगी जनुके थोडी आणि चल जनुकघटक फार असतात. चल जनुकघटक म्हणजे डीएनएचे असे तुकडे, जे एका जागेवरून उठून दुसरीकडे जातात किंवा आपली प्रत काढून ती अन्यत्र घुसवतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात मक्यात त्यांचा शोध लावला आणि 1983 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. एरवी जोडीतील दोन गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात व त्यामुळे असे घुसखोर पिढ्यान्‌पिढ्या गाळले जाऊ शकतात; परंतु पतंगाच्या मादीत ही अदलाबदल होतच नाही, आणि डब्ल्यू केवळ आईकडून मुलीकडे जात असल्याने त्याला ही संधी कधीच लाभत नाही. रेशीमकिड्याच्या डब्ल्यूवर तर एका घटकात दुसरा घुसलेला आढळतो.

डब्ल्यूवरील चल घटकांच्या या साठ्याला निरुपयोगी म्हणणे मात्र घाईचे ठरते. रेशीमकिड्यात मादीपण डब्ल्यूमुळे येते हे 1933 मध्येच दिसले होते. त्याचे कारण टोकियो विद्यापीठातील संशोधकांना 2014 मध्ये सापडले. डब्ल्यूवरून अवघ्या 29 न्यूक्लिओटाइडांचा एक छोटा आरएनए, म्हणजे पाय-आरएनए, तयार होतो आणि तो झेडवरील, नरपण घडवणाऱ्या जनुकाचा संदेश तोडून टाकतो. पाय-आरएनएचे नेहमीचे काम चल जनुकघटकांना आवर घालण्याचे; त्याच यंत्रणेने येथे लिंग ठरावे, ही जीवशास्त्रातील अतिशय सुंदर घटना आहे.

डब्ल्यूवर घुसलेला तुकडा लेकींपुरता राहतो, पण लिंगाशी संबंध नसलेल्या साध्या गुणसूत्रावर घुसलेला तुकडा नर-मादी दोघांकडून पुढे जातो आणि जोडीतील निकोप प्रतीच्या आड अनेक पिढ्या दडून राहू शकतो. गुलाबी बोंडअळीच्या अमेरिकेतील वाणात याचा पुरावा 2011 मध्ये मिळाला: बीटी कपाशीतील विष अळीच्या आतड्यात ज्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटते, त्याच्या जनुकातच एक चल घटक शिरलेला होता. अशी बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडूनही आली तरच अळी त्या विषाला दाद देत नाही. बीटी कपाशीच्या कडेला नॉन-बीटीच्या पाच ओळी लावण्याची अट याच हिशेबाने घातलेली होती, कारण त्या ओळींत वाढलेले पतंग निकोप प्रत घेऊन बीटी शेतातल्या पतंगांशी जुळतात. भारतात ही अट बहुतेक शेतांत पाळली गेली नाही, बोंडअळी विषाला दाद देईनाशी झाली, आणि त्याची किंमत विदर्भातील कापूस उत्पादकाला मोजावी लागली.