मेंदूंतील कोलेस्टेरॉलचा नकाशा



डॉक्टरांनीं तूप-लोणी कमी करावयास सांगितलें, कीं घरांतील वडील माणसांस एक चिंता वाटूं लागते : या पथ्यानें आपली स्मरणशक्ति तर उणावणार नाहीं ना ? या शंकेचें उत्तर मेंदूच्या स्वतंत्र कारभारांत आहे.

मेंदूचें वजन शरीराच्या शेकडा सुमारें २. परंतु शरीरांतील कोलेस्टेरॉलपैकीं शेकडा २० ते २५ एकट्या मेंदूंत असतें. त्याचा मोठा भाग मज्जातंतूंवरील वेष्टनांत असतो. हा सांठा आहारांतून येत नाहीं. रक्त आणि मेंदू यांमधील पडदा रक्तांतील कोलेस्टेरॉल आंत जाऊं देत नाहीं. मेंदू आपल्यापुरतें स्वतःच तयार करतो. जास्त झालेलें एका विकराच्या साहाय्यानें निराळ्या रूपांत पालटतें आणि मग पडद्यापलीकडे जातें. असें रोज अवघें ६-७ मिलिग्रॅम.

हा व्यवहार मेंदूंत सर्वत्र सारखाच चालतो काय ? वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं याचा नकाशा प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे पातळ काप घेऊन त्यांनीं ठिकठिकाणचीं द्रव्यें मोजलीं. मस्तिष्कस्तंभांतील 'सेतु' नामक भागांत कोलेस्टेरॉल विपुल आढळलें. पण त्याचें पालटलेलें रूप सर्वांत अधिक सांपडलें तें हालचालींचें नियमन करणाऱ्या 'स्ट्रायाटम' या भागांत, आणि सर्वांत कमी अनुमस्तिष्कांत.

आपल्या सांगलीकरांस हें समजणें सोपें आहे. हरिपूरच्या पेवांत हळद महिनोन्महिने पडून राहत असे; सौदे होत ते सांगलीच्या पेठेंत. सांठा एकीकडे, उलाढाल दुसरीकडे. मेंदूंतही तसेंच आहे.

हा भेद केवळ कुतूहलाचा नव्हे. हंटिंग्टनच्या आनुवंशिक विकारांत हाच स्ट्रायाटम प्रथम झिजतो, आणि तेथें वरील विकरही कमी झालेलें आढळतें. संपूर्ण मेंदूची सरासरी काढली, तर असा स्थानिक बिघाड तींत झांकून जातो. रोग कोठें मूळ धरतो हें शोधावयाचें, तर भागाभागाचा हिशेब मांडावाच लागतो.

तात्पर्य, रक्ततपासणीचा आंकडा म्हणजे मेंदूचा ताळेबंद नव्हे. तुपाच्या पथ्यानें मेंदू कोलेस्टेरॉलवांचून राहत नाहीं. उलट, रक्तांतील अतिरेकानें मेंदूस रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मात्र अरुंद होऊं शकतात. म्हणून पथ्य पाळावें, आणि औषध स्वतःच्या मनानें बंद करूं नये.