पानात गुंडाळलेली अंडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे दिलेले भाषण)



लोणची, मुरंबे आणि भरतकाम यांवरील व्याख्यानांनंतर आज मी एका प्राण्याविषयी बोलणार आहे, आणि तोही पालीसारखा दिसणारा. कोणी नाक मुरडले तरी मला राग यावयाचा नाही. त्याचे नाव न्यूट. रूप पालीचे, पण गोत बेडकाचे. कातडी ओलसर, अंगावर खवले नाहीत आणि अंडी पाण्यात. महाराष्ट्रात हा प्राणी नाही. दार्जिलिंगच्या डोंगरांत त्याचा एक जातभाई आहे. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा त्याला कोणी घरी आणावयाचे नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडात गेले होते, तेव्हा शेजारच्या बाईंनी काचेच्या पेटीत न्यूट पाळलेले पाहिले. त्यांची जात मूळची फ्रान्स, स्पेन व पोर्तुगाल इकडची. हिरव्या अंगावर काळी नक्षी, संगमरवरासारखी. विणीच्या दिवसांत नराच्या पाठीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तुरा उभा राहतो. तो मादीपुढे शेपूट हलवीत काय मिरवतो म्हणता!

पण खरे पाहावयाचे ते मादीचे काम. बेडकी अंड्यांचा लगदा टाकून मोकळी होते. ही एकेक अंडे घालते. पाणवनस्पतीचे पान मागच्या पायांनी धरते, त्याची घडी घालते, अंडे आत ठेवते. अंड्याच्या चिकाने घडी चिकटून बसते. मोदकाला पाकळ्या घालाव्यात तितक्या निगुतीने! असे आठवडेच्या आठवडे चालते आणि अंडी शेकड्यांनी होतात. पान नसेल तर ती प्लास्टिकच्या पट्टीवरही भागवते.

एवढे करून हीच आई समोर दिसलेले अंडे खाऊनही टाकते. म्हणून घडी घातलेली पाने काढून वेगळ्या भांड्यात ठेवावी लागतात. पाणी थंड हवे, वीस अंशांच्या आतले; त्यात नळाचे औषध उतरलेले नसावे. पांढरे पडून बुरशी धरलेले अंडे लगेच काढावे, नाहीतर शेजारची नासतात.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षी बाईंची अर्धी अंडी गेली. पिल्लाला शेपटीचा कोंब फुटतो न फुटतो तोच वाढ थांबे. बाईंनी पाणी बदलले, भांडे बदलले, जागा बदलली. रात्री उठून पाहत. आपल्याच हातून काही होते आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढच्या वर्षीही तेच.

नंतर त्यांना कळले की या कुळात हे असेच असते. हर्बर्ट मॅकग्रेगर आणि हीदर हॉर्नर या दोघा संशोधकांनी १९८० साली त्याचा उलगडा केला. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. या न्यूटांच्या पहिल्या जोडीतली दोन गुणसूत्रे एकसारखी नसतात. एकाला अ म्हणू, दुसऱ्याला ब. पिल्लाला एक आईकडून येते, एक बापाकडून. अ आणि ब एकत्र आले तर पिल्लू जगते. दोन्ही अ किंवा दोन्ही ब आले, तर ते अंड्यातच संपते. म्हणजे सरासरी चारांत दोन गेलीच. आई कितीही सुदृढ असो, पाणी कितीही निर्मळ असो.

हे ऐकताना मला आपल्याकडच्या सुना आठवल्या. पोटातले मूल गेले की आधी तिच्याकडे बोट. काय खाल्लेस, कुठे ओलांडलेस, कोणाची दृष्ट लागली! पुष्कळ गर्भपातांत दोष बीज जुळतानाच गुणसूत्रांत झालेला असतो, आईच्या वागण्यात नव्हे, हे आज डॉक्टर सांगतात. पण ते सांगणे माजघरापर्यंत पोहोचते कुठे?

बाईंचा हिशेब त्यानंतर सोपा झाला. त्या टिपणवही ठेवू लागल्या. सुमारे निम्मी अंडी त्याच टप्प्यावर थांबली, तर त्या स्वतःला बोल लावीत नसत. त्याहून फार जास्त गेली, किंवा भलत्याच वेळी गेली, तर मात्र पाणी, उष्णता व बुरशी कसून तपासत. निसर्गाच्या नावावर आपली हयगय खपवावयाची नाही, हाही त्यांचा कटाक्ष होता.

दोन ते चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. मानेशी पिसांसारखे कल्ले. पुढचे पाय आधी फुटतात, बेडकाच्या उलट. दोन-चार दिवस पोटातल्या बलकावर निघतात, मग जिवंतच खाणे लागते, पाण्यातले बारीक किडे. दाटी झाली तर एकमेकांचे पाय तोडतात! पण तो पाय पुन्हा उगवतो. इटलीच्या स्पालान्झानी यांनी १७६८ सालीच हे नोंदवले आहे. कल्ले आखडू लागले की पाण्यात उतरता दगड ठेवावा, नाहीतर पिल्लू बुडून मरते. पेटीला झाकण हवेच, कारण ती काचेवरून सरळ चढतात.

जमिनीवर आलेल्या पिल्लाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत नारिंगी रेघ असते. नर मोठा झाला की त्याची जाते, मादीची राहते.