गादी, कौल आणि शमीची पानं



डिसेंबरात ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरते. अशाच एका सकाळी हजिरा भागात, तानसेनच्या समाधीपाशी, तानसेन समारोहाला सुरुवात होते. रात्रीच्या मैफलींना देशभरातून रसिक येतात; सकाळच्या या कार्यक्रमाला मात्र बहुतेक गावचीच माणसं. आधी सनई वाजते. मग ढोलीबुवा मठाचे महाराज हरिकथा करतात. ती संपली की मौलवी येऊन मीलाद वाचतात आणि कबरीवर चादर चढते. 1924 साली शिंदे दरबाराने तानसेनचा उरूस म्हणून हा सोहळा सुरू केला. गेल्या शंभर वर्षांत राजवट बदलली, आयोजक बदलले, मांडव मोठा झाला. सकाळचा क्रम तेवढा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'गंगा-जमनी तहजीब' हे शब्द ठरल्याप्रमाणे येतात. मला या शब्दांनी समाधान होत नाही. तिथे नीट पाहिलं, तर हरिकथा आणि मीलाद एकमेकांत मिसळत नाहीत. एक पूर्ण होते, माणसं जरा सरकून बसतात, मग दुसरी सुरू होते. हरिकथेत कोणी कलमा पढत नाही, मीलादमध्ये कोणी टाळ धरत नाही. नद्यांचा संगम म्हणावा असं इथे काही होत नाही. इथे आहे ती पाळी, आणि पाळी लावून देणारं कोणीतरी असावं लागतं.

धर्माचं समाजशास्त्र नेमकं इथून सुरू होतं. देव आहे की नाही, कुणाचा खरा, कुणाचा खोटा, हे त्या शास्त्राचे प्रश्न नव्हेत. तो विषय तत्त्वज्ञांचा, नाहीतर पारावर बसणाऱ्यांचा. समाजशास्त्रज्ञ विचारतो ते प्रश्न जरा क्षुद्र वाटावेत असे असतात. कोण कोण आलं होतं? कोण पुढे बसलं? खर्च कुणी केला? कशाला हात लावायचा नाही, आणि लावला तर काय होतं?

तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेचंच घ्या. तिची पानं चघळली की गळा गोड होतो, अशी समजूत आहे. गाणं शिकणारी मुलं पानं तोडतात, नामांकित गवयांनीही ती खाल्लेली आहेत. जुनं झाड गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं. लोक आता त्याची पानं तोडतात. ग्वाल्हेरात चिंचेची झाडं काय कमी आहेत? पण मंडईच्या वाटेवरच्या चिंचेखाली कोणी सूर लागावा म्हणून उभं राहत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम याने 1912 साली धर्मजीवनाच्या मूळ रूपांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की धर्माचा पाया देवाच्या कल्पनेत शोधू नका, कारण देव न मानणारेही धर्म आहेत. माणसं जगातल्या वस्तू दोन भागांत वाटतात, एक पवित्र आणि दुसरा रोजच्या व्यवहारातला. पाया तिथे आहे. आणि पवित्रपण वस्तूच्या अंगचं नसतं, ते समूह तिला देतो.

हे पटत नसेल तर किल्ल्यावर चला. उरवाई दरवाज्याच्या वाटेने वर जाताना कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती दिसतात. सर्वात मोठी पन्नास फुटांहून उंच. पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात, जैन श्रावकांनी त्या कोरवून घेतल्या. पुढे बाबर इथे आला. जागा त्याला आवडली. या नग्न मूर्ती मात्र खटकल्या, आणि त्या फोडायचा हुकूम आपण दिला, असं त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. चेहरे फोडले गेले, त्यांतल्या काहींची डागडुजी नंतर जैनांनी केली. आज तिथे पुरातत्त्व खात्याची पाटी आहे. दगड एकच. एकासाठी तो भगवान, दुसऱ्यासाठी पाखंड, आणि तिसऱ्याच्या नोंदवहीत संरक्षित स्मारक. यातला तिसरा भाव आपण धर्माबाहेरचा समजतो, पण कोणी त्या दगडावर नाव कोरलं तर आपल्याला येणारा राग नुसता कायदा मोडल्याचा नसतो.

आता शिंद्यांकडे वळू, कारण या शहरातला पाळ्या लावून देणारा म्हणजे हे घराणं. पानिपतात 1761 साली जखमी झालेल्या महादजींना राणेखान नावाच्या भिस्त्याने वाचवलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. राणेखानाला महादजींनी भाऊ मानलं, सरदार केलं. त्याच महादजींचे गुरू होते बीडचे सूफी फकीर मन्सूरशहा. बीडला त्यांचा दर्गा आहे. महादजींनंतर दौलतरावांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी टाकली, तिचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. फौजेबरोबर कुळाचार आले, देवघर आलं आणि बीडच्या बाबांचं ठाणंही आलं. महाराजबाड्याला लागून असलेल्या गोरखी वाड्यात ते आजही आहे.

तिथल्या उरुसाची एक गोष्ट ग्वाल्हेरात सगळे सांगतात. बाबांच्या स्थानावर फुलं वाहतात आणि घराण्याचा प्रमुख समोर थांबून राहतो. त्यातलं एखादं फूल आपोआप खाली पडेपर्यंत तो उठत नाही. फूल पडलं की तो बाबांचा आशीर्वाद.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या श्रोत्यांच्या लक्षात आलंच असेल. हा कौल आहे. ग्रामदेवतेच्या मूर्तीला फुलं, कळ्या नाहीतर तांदळाचे दाणे लावायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवा पडतो की डावा याची वाट पाहायची, हा आपल्याकडचा जुना प्रघात. तो इथे एका सूफी फकिराच्या स्थानापुढे दिसतो. मन्सूरशहांच्या शिकवणुकीतून तो आला असेल असं मला वाटत नाही. देव किंवा संत बोलतो कसा, याची एक रीत मराठी मंडळींच्या हाडीमासी होती. समोर कोण आहे हे बदललं, रीत बदलली नाही. अभ्यासक याला लोकधर्म म्हणतात. पोथीतला धर्म आणि माणसांच्या हातातला धर्म यांत अंतर असतं, आणि हातातला जास्त चिवट असतो.

मन्सूरशहांकडे काय होतं? सैन्य नव्हतं, सनद नव्हती. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने सत्तेचे तीन प्रकार केले: परंपरेने आलेली, कायद्याने मिळालेली, आणि एखाद्या व्यक्तीच्या अंगच्या तेजामुळे लोकांनी आपणहून मानलेली. तिसरीला तो करिष्मा म्हणतो. करिष्म्याची अडचण अशी की तो माणसाबरोबर मरतो. मग अनुयायी काय करतात? त्याची गादी करतात. कबर, उरूस, वारस, उत्पन्न, ठरलेले मान. विजेसारखी जी गोष्ट होती तिचं वेळापत्रक होतं. ढोलीबुवांचा मठही असाच. नाथपंथी मूळपुरुषाचं तेज पिढ्यान् पिढ्या गादीतून वाहत आलं आहे. आजचे महाराज हरिकथेला उभे राहतात तेव्हा लोक त्यांच्या गळ्याला दाद देतात आणि गादीला नमस्कार करतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लष्करातल्या म्हाताऱ्या बायकांना तो फरक वेबरपेक्षा चांगला कळतो.

राजाला तरी फकिराची गरज का पडावी? वेबरचंच उत्तर लावून पाहा. दक्षिणेतून आलेला सरदार तलवारीच्या जोरावर उत्तरेत राज्य मिळवतो; पण ते राज्य त्याचंच आहे हे लोकांनी मानावं लागतं. त्याला मान्यता म्हणतात, आणि ती धर्माच्या टाकसाळीत फार लवकर पडते. शिंद्यांच्या दरबाराने दसरा साजरा केला तसा मोहरमही केला, ताजियाला मान दिला. हे ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. महादजींची भक्ती खरी असावी. पण खरी भक्ती आणि उपयोगी भक्ती या एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

दसऱ्याचा प्रकार तर बघण्यासारखा. कंपूच्या टेकडीवर मांढरे की माता म्हणून महिषासुरमर्दिनीचं देऊळ आहे. नाव पडलं ते जयाजीराव शिंद्यांच्या पदरी असलेल्या मांढरे या मराठा सरदारावरून. तिथे दसऱ्याला शमीपूजन होतं. शिंदे घराण्याचा प्रमुख दरबारी पोशाखात येतो, जुन्या सरदार घराण्यांतले पुरुष पगड्या घालून रांगेत असतात. पूजा होते, तो शमीला तलवार लावतो आणि त्या क्षणी रांग मोडते. माणसं झाडावर तुटून पडतात. पानं ओरबाडतात, एकमेकांच्या हातातून घेतात, काटे टोचल्याची शुद्ध नसते. महाराष्ट्रात आपण आपट्याचं सोनं शांतपणे घरोघर वाटतो. इथे सोनं खरोखरच लुटलं जातं.

द्यूरकेमने यालाच सामूहिक उन्माद म्हटलं आहे. माणसं एका जागी, एका वेळी, एका हालचालीत आली की त्यांना स्वतःपेक्षा मोठं काहीतरी जाणवतं. ते मोठं म्हणजे देव, असं ती म्हणतात. द्यूरकेम म्हणतो, तो समाजच असतो. समूह स्वतःचीच शक्ती अनुभवतो आणि तिला देवाचं नाव देतो. मला हे उत्तर अर्धंच पटतं. कारण त्या शमीपाशी समाज कसला? 1948 साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं, 1971 च्या घटनादुरुस्तीने राजेपणाची मान्यता आणि तनखेही गेले. राज्य नाही, तरी राज्याचा विधी आहे. पान ओढायला धावणाऱ्याला राजा हवा असतो असंही नाही. त्याला पान हवं असतं, आणि पुढे त्या घराण्याला मत द्यायचं की नाही ते तो निराळं ठरवतो.

या उन्मादात सगळे एक होतात, हेही जपून बोलावं. इरावती कर्वे पंढरीच्या वारीला पायी गेल्या आणि त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. तो 1962 साली इंग्रजीत आला आणि जगभर वाचला गेला. पुढे व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने यात्रेतल्या समभावाचा सिद्धान्त मांडला: वाटेवर पदं, हुद्दे गळून पडतात आणि माणूस माणसाला भेटतो. त्याने इरावतीबाईंच्या लेखाचा आधार घेतला. पण बाईंनी जे पाहिलं ते जास्त अवघड होतं. एकत्र चालणारे, एकत्र अभंग गाणारे वारकरी जेवायला मात्र जातवार वेगळे बसत. ब्राह्मणांची पंगत निराळी, मराठ्यांची निराळी. बाईंना ते फार लागलं. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या करणाऱ्या याच बाई. म्हणजे जोडणारी वाट आणि तोडणारी पंगत एकाच दिंडीत होती. तानसेनच्या समाधीपाशीही मला हाच प्रश्न पडतो. कार्यक्रम संपल्यावर कोण कुणाकडे चहाला जातं? त्याचा क्रम कुणी ठरवलेला नाही.

शेवटी लष्करातल्या मराठी घरांबद्दल. दौलतगंज, जनकगंज, फालके बाजार या भागांतली दोनशे वर्षं जुनी बिऱ्हाडं. तिथल्या पुष्कळ तरुणांना विचारलं की देव मानता का, तर ते खांदे उडवतात. उपास नाहीत, सोवळं तर आजोबांबरोबरच गेलं. पण गणपती बसतो, गौरी येतात. ग्रेस डेव्ही या ब्रिटिश अभ्यासिकेने आपल्या देशाबद्दल लिहिलं होतं की लोकांची श्रद्धा टिकली आहे, चर्चशी बांधिलकी मात्र सुटली आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत नेमकं उलट दिसतं. श्रद्धा पातळ झाली, बांधिलकी घट्ट राहिली. फ्रान्सच्या दानिएल एर्व्यू-लेजे यांनी धर्माला स्मृतीची साखळी म्हटलं आहे: आपल्या आधी कोणीतरी हे करत होतं आणि आपण त्या रांगेत आहोत, एवढी जाणीव असली की धर्म चालतो.

इथल्या मुलांचं बोलणं हिंदीत, भांडणं हिंदीत, स्वप्नंही बहुधा हिंदीतच पडत असतील. आरतीच्या वेळी ती मोबाईलवर मराठी आरती उघडतात. लिपी तीच, त्यामुळे वाचता येतं, पण 'ळ' आला की जीभ अडखळते आणि 'ल' बाहेर पडतो. आजी ताम्हन खाली न ठेवता तिथल्या तिथे दुरुस्त करते. दर वर्षी त्याच जागी, त्याच अक्षराला. जनगणनेच्या फॉर्मात धर्माचा रकाना एक असतो आणि मातृभाषेचा दुसरा. आजीची ती दुरुस्ती कुठल्या रकान्यात भरायची, हे मला अजून कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.